"आमच्या घराण्यात तर हे कुणालाच नाही!" गुण नेमके उतरतात कसे?

तुमचे प्रश्न तीन आहेत. तुमचा रक्तगट ए, नवऱ्याचा बी आणि चार वर्षांच्या मुलीचा निघाला ओ, हे कसं? दुसऱ्यांदा दिवस गेल्यावर केलेल्या तपासणीत तुम्हाला 'थॅलेसेमिया मायनर' (थॅलेसेमिया म्हणजे हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा, वारशानं येणारा रक्ताचा आजार) असल्याचं कळलं, पण दोन्ही घराण्यांत हा आजार कुणालाच नाही, मग तो आला कुठून? आणि मोठी मुलगी हुबेहूब तुमच्यासारखी, तर आता येणारं बाळ नवऱ्यावर जाणार का? त्यावर तुम्ही लिहिलंय की, "गुण कसे उतरतात ते एकदा पहिल्यापासून समजावून सांगा."

उत्तर लांबणार आहे, म्हणून घाईचं आधी सांगते. तुमचा नववा आठवडा चालू आहे. नवऱ्याची रक्ततपासणी याच आठवड्यात करून घ्या. साधं सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, आणि त्यासोबत हिमोग्लोबिनची एचपीएलसी, म्हणजे त्याचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी. बाकी सगळं वाचायला नंतर वेळ आहे, याला नाही. का, ते पुढे येईलच.

मुलीचा रक्तगट ओ असण्यात काहीही वावगं नाही. घरात कुजबूज चालली असेल तर ती आजच थांबवा. ए आणि बी यांच्या पोटी ए, बी, एबी, ओ यांपैकी कुठल्याही गटाचं मूल होऊ शकतं. एवढी मोकळीक दुसऱ्या कुठल्याच जोडीला नाही.

गेली बावीस वर्षं मी जनुकीय समुपदेशन करते. समोर बसलेल्या दहातल्या सात-आठ जणांचं पहिलं वाक्य तुमचंच असतं, 'आमच्यात कुणालाच नाही'. त्यात ते खोटं बोलत नसतात. फक्त 'असणं' आणि 'दिसणं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

आपल्या भाषेनंही थोडा घोटाळा करून ठेवला आहे. 'रक्ताचं नातं', 'गाणं त्याच्या रक्तातच आहे', 'शेवटी रक्त बोलतंच'. पूर्वी लोक खरोखरच मानत की आईबापांचं काहीतरी पातळ द्रव्य एकमेकांत मिसळतं आणि त्यातून मूल घडतं. गंमत अशी की ज्या तांबड्या पेशींमुळे रक्त तांबडं दिसतं, त्यांच्यात डीएनए नसतोच. पक्व होताना त्या आपलं केंद्रक बाहेर टाकून देतात. रक्ताच्या नमुन्यातून आम्ही डीएनए मिळवतो तो पांढऱ्या पेशींमधून. म्हणजे वारसा रक्तात असलाच तर रक्ताच्या लालीत तरी नाही!

मिसळण्याच्या कल्पनेत मूळचीच एक खोट आहे. दोन रंग कालवले की ते पुन्हा वेगळे काढता येत नाहीत. मिश्रण खरं असतं तर आजीचे घारे डोळे मुलीत नाहीसे होऊन नातीत जसेच्या तसे परत उगवले नसते. ते उगवतात, कारण मधल्या पिढीत ते विरघळलेले नसतात, नुसते दडलेले असतात.

हे हिशोबानं सिद्ध केलं ग्रेगोर मेंडेलनं. ब्रनो शहरातल्या मठाच्या बागेत १८५६ ते १८६३ या काळात त्यानं वाटाण्याची हजारो रोपं वाढवली आणि माणसं करत नाहीत ते केलं, म्हणजे दाणे मोजले. गोल दाण्यांचं शुद्ध वाण आणि सुरकुतलेल्या दाण्यांचं शुद्ध वाण यांचा त्यानं संकर केला. पुढच्या पिढीत सगळे दाणे गोल. सुरकुती जणू मेलीच. मग त्या पिढीचं स्वपरागण होऊ दिलं, तेव्हा ५,४७४ दाणे गोल आले आणि १,८५० सुरकुतलेले. साधारण तीनास एक. आणि परत आलेला सुरकुतलेला दाणा 'थोडासा सुरकुतलेला' नव्हता. आजोबांइतकाच पुरता सुरकुतलेला होता.

इथवर सगळ्यांना शाळेत शिकवतात. पुढची पायरी मात्र शिकवतात आणि आपण विसरतो. मेंडेलनं ते गोल दाणे पुन्हा पेरले. त्यातल्या ५६५ रोपांपैकी १९३ रोपांना फक्त गोल दाणे धरले आणि ३७२ रोपांना दोन्ही प्रकारचे. म्हणजे वरून एकसारखे दिसणारे गोल दाणे आतून दोन जातींचे होते, आणि त्यातल्या तीनात दोन दाण्यांच्या पोटात सुरकुती लपलेली होती. हा 'तीनात दोन' आकडा लक्षात ठेवा, आपल्याला तो लागणार आहे.

मेंडेलनं १८६५ साली हे वाचून दाखवलं, १८६६ साली छापलं आणि जगानं १९०० पर्यंत त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

त्यानं काढलेला निष्कर्ष आजच्या शब्दांत असा. प्रत्येक गुणासाठी आपल्याजवळ सूचनेच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. स्त्रीबीज किंवा शुक्राणू तयार होताना दोनांतली एकच प्रत त्यात जाते. कुठली, ते निव्वळ योगायोगावर. मूल होतं तेव्हा पुन्हा दोन. प्रती एकमेकींत मिसळत नाहीत, शेजारी-शेजारी राहतात आणि पुढच्या पिढीत परत सुट्या होतात. या सूचनेला आपण जनुक म्हणतो. जनुकं ज्यांवर ओळीनं मांडलेली असतात ती गुणसूत्रं. माणसात ती २३ जोड्यांची, एकूण ४६. हा आकडा आज शाळकरी मुलालाही माहीत असतो, पण १९५६ पर्यंत सगळे तज्ज्ञ ४८ म्हणत होते. डीएनए हा त्या सूचनांचा मजकूर. अक्षरं चारच, पण एका संचात त्यांची संख्या तीनशे कोटींच्या वर, आणि त्यात प्रथिनं बनवण्याच्या सूचना देणारी जनुकं साधारण वीस हजार.

आता सुरकुतीकडे परत या, कारण अख्खी मेख तिथं आहे. दाणा का सुरकुततो, याचं उत्तर १९९० साली मिळालं. वाटाण्यात साखरेपासून स्टार्च बनतो आणि स्टार्चला फांद्या फोडणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. सुरकुतलेल्या दाण्यांत त्या विकराच्या जनुकात मध्येच सुमारे आठशे अक्षरांचा एक उपरा तुकडा घुसलेला सापडला. विकर बिघडलं, साखर पडून राहिली, साखरेमुळे दाण्यानं पाणी जास्त धरलं आणि वाळताना तो आक्रसला. बस. 'सुरकुती' नावाचं जनुकच नाही. एका चांगल्या जनुकाची ती बिघडलेली प्रत आहे. एक प्रत चांगली असली की दाणा गोल राहण्यापुरतं विकर तयार होतं, म्हणून गोल प्रभावी आणि सुरकुती अप्रभावी.

पण हाच मिश्र दाणा सूक्ष्मदर्शकाखाली धरा. त्यातले स्टार्चचे कण शुद्ध गोल दाण्यासारखे नसतात आणि सुरकुतलेल्यासारखेही नसतात, दोहोंच्या मधले असतात. डोळ्यांना जो दाणा शंभर टक्के गोल, तोच भिंगाखाली अर्धामुर्धा! म्हणजे 'प्रभावी' आणि 'अप्रभावी' हा त्या जनुकाचा स्वभाव नसून, आपण कुठून बघतो त्यावर ठरणारी गोष्ट आहे. तुमच्या थॅलेसेमियाचं उत्तर जवळजवळ इथंच मिळालं, पण आधी रक्तगट उरकून घेऊ.

रक्तगटाचं जनुक नवव्या गुणसूत्रावर असतं. त्याचं काम तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावरच्या एका साखळीच्या टोकाला साखरेचा एक रेणू चिकटवणं. ए प्रतीचं विकर एका प्रकारची साखर चिकटवतं, बी प्रतीचं दुसऱ्या प्रकारची. एकाच व्यक्तीत दोन्ही प्रती असल्या तर दोन्ही साखरा लागतात आणि गट होतो एबी. इथं कुणीच कुणाला दाबत नाही, याला सहप्रभाविता म्हणतात. आणि ओ? नेहमी सापडणाऱ्या ओ प्रतीत फक्त एक अक्षर गळालेलं असतं. एका अक्षरानं एवढं काय बिघडतं? पेशी हा मजकूर तीन-तीन अक्षरांच्या शब्दांत वाचते. 'मदन बदक जवळ बसव' हे वाक्य घ्या. पहिल्या शब्दातला 'द' काढा आणि तीन-तीनच्याच गटांत वाचत राहा: 'मनब दकज वळब सव'. एक अक्षर गेलं आणि पुढचं अख्खं वाक्य निरर्थक झालं. ओ प्रतीचं विकर असंच निकामी असतं, ते काहीच चिकटवत नाही.

तुम्ही ए गटाच्या, म्हणजे तुमच्याकडे ए-ए किंवा ए-ओ. नवरा बी गटाचा, म्हणजे बी-बी किंवा बी-ओ. मुलगी ओ आहे, यावरून तुम्ही ए-ओ आणि नवरा बी-ओ हे कागदावरच सिद्ध झालं. तुमच्या दोघांचीही ओ प्रत तिच्या वाट्याला आली. याची शक्यता प्रत्येक वेळी चारात एक.

रक्तगटावरून पितृत्वाचे निवाडे करणाऱ्यांसाठी एक जादाची गोष्ट. ती साखर चिकटवायला मुळात साखळीचं टोक तयार असावं लागतं आणि ते एच नावाच्या दुसऱ्याच एका जनुकाच्या कामातून बनतं. एखाद्याच्या या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असतील तर ए किंवा बीचं विकर शाबूत असूनही त्याला चिकटवायला जागा नसते. नेहमीच्या तपासणीत अशी व्यक्ती ओ दिसते. १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत हा गट पहिल्यांदा ओळखला, म्हणून जगभर तो 'बॉम्बे' रक्तगट म्हणून ओळखला जातो. अशा व्यक्तीच्या मुलाचा गट एबीही निघू शकतो, आणि वरवरच्या नियमानं तो 'अशक्य' ठरतो. तेव्हा रक्तगटाच्या कार्डावरून कुणाच्या चारित्र्याचा निकाल लावू नये. त्यासाठी डीएनए तपासणी आहे.

जाता जाता, 'प्रभावी' या शब्दाविषयी दोन गैरसमज फार पक्के आहेत. प्रभावी म्हणजे चांगला, असं नाही. हंटिंग्टनसारखा मेंदूचा जीवघेणा आजार प्रभावी आहे. प्रभावी म्हणजे जास्त लोकांत आढळणारा, असंही नाही. हाताला सहावं बोट फुटण्याचे बरेच प्रकार प्रभावी आहेत, तरी बहुतेकांना बोटं पाचच. उलट ओ गट अप्रभावी असूनही जगात सगळ्यात जास्त लोकांचा.

आता थॅलेसेमिया.

तांबड्या पेशीतल्या हिमोग्लोबिनचा एक भाग म्हणजे बीटा साखळी. तिचं जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे, लांबी जेमतेम सोळाशे अक्षरं. या एवढ्याशा मजकुरात दोनशेहून अधिक तऱ्हांचे बिघाड माहीत आहेत, ज्यांत बीटा साखळी कमी बनते किंवा बनतच नाही. तुमच्याकडे एक प्रत शाबूत आहे, एक बिघडलेली. याला वाहक म्हणतात. 'मायनर' हे त्याचंच दुसरं नाव. 'मायनर आहे, पुढे मेजर, म्हणजे पूर्ण आजार, होईल' अशी भीती लोक उराशी बाळगून असतात. तसं कधीही होत नाही. प्रती जन्माच्या वेळी ठरल्या त्या ठरल्या.

तुमचा सीबीसीचा कागद काढा. त्यात एमसीव्ही म्हणजे तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान. निरोगी प्रौढात ते ऐंशीच्या वर असतं, तुमचं बहुधा साठ ते पंचाहत्तरच्या दरम्यान असेल. पण त्याच कागदावर तांबड्या पेशींची संख्या बघा, ती मात्र भरपूर, बहुतेकदा पन्नास लाखांच्या पुढे. पेशी लहान, पण संख्येनं पुष्कळ. लोहाच्या कमतरतेतही पेशी लहान होतात, पण तिथं संख्याही घसरते. हा फरक न पाहता वाहक बायकांना वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या दिल्या जातात, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता चीडही येत नाही. लोह लागतं की नाही हे फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारा घटक, तपासून ठरवावं, नुसत्या एमसीव्हीवरून नाही. वाहक असल्याची खूण पटते ती हिमोग्लोबिन ए-टू या घटकावरून. साडेतीन टक्क्यांच्या वर गेला की बीटा थॅलेसेमियाचे वाहक. एक सावधगिरी: शरीरात लोह फारच कमी असेल तर हा आकडा खोटा खाली येऊ शकतो, म्हणून काठावरचा आकडा आला की तपासणी पुन्हा करायची.

म्हणजे तुमची गत त्या मिश्र वाटाण्यासारखी आहे. बाहेरून ठणठणीत, भिंगाखाली वेगळी. ही प्रत तुमच्या आईकडून किंवा वडिलांकडून आली, त्यांना त्यांच्या आईबापांकडून, आणि कुणाचंच काही अडलं नाही म्हणून कुणी भिंग लावलंच नाही. 'आमच्या घराण्यात कुणालाच नाही' याचा खरा अर्थ 'आमच्या घराण्यात कुणी तपासलंच नाही' एवढाच.

आता नवऱ्याच्या तपासणीची घाई का? तो वाहक नसेल तर तुमच्या कुठल्याही बाळाला थॅलेसेमिया मेजर होणार नाही. जास्तीत जास्त तुमच्यासारखं वाहकपण, तेही दोनात एक शक्यतेनं. पण तोही वाहक असेल तर प्रत्येक गरोदरपणात सारख्याच चार शक्यता: बाळाला दोन्ही प्रती शाबूत, ही चारात एक; बाळ वाहक, या चारात दोन; दोन्ही प्रती बिघडलेल्या, ही चारात एक. शेवटचं म्हणजे थॅलेसेमिया मेजर. असं बाळ जन्मताना गुटगुटीत असतं, कारण गर्भातलं हिमोग्लोबिन वेगळ्या जनुकापासून बनतं. ते मागे पडतं आणि बीटाची पाळी येते तेव्हा, म्हणजे साधारण सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत, आजार दिसू लागतो. मग दर काही आठवड्यांनी रक्त चढवणं आणि साठत जाणारं लोह काढायची औषधं. दोघंही वाहक निघालात तर अकराव्या ते चौदाव्या आठवड्यांत वारेचा कणभर नमुना घेऊन बाळाच्या दोन्ही प्रती तपासता येतात. पण त्याआधी तुम्हा दोघांचे नेमके बिघाड डीएनएमध्ये शोधावे लागतात आणि त्यात दिवस जातात. म्हणून ही घाई. एचपीएलसी सांगितली ती याच्यासाठी की नवरा थॅलेसेमियाचा नसून सिकल सेलचा वाहक निघाला तरी प्रश्न उरतोच. सिकल सेल हा त्याच बीटा जनुकातला बदल, एक अक्षर बदललेलं. त्याची एक प्रत आणि तुमची एक बिघडलेली प्रत एकत्र आल्या तरी मूल आजारी होतं.

'चारात एक' या शब्दांनी जितका घोटाळा होतो तितका दुसऱ्या कशानं होत नाही. मागे एक जोडपं आलं होतं. पहिलं मूल मेजर. त्यांना कुणीतरी 'चारात एक' सांगितलं होतं, आणि त्यांनी सरळ हिशोब केला: एक झालं, आता पुढची तीन सुखरूप. मी टेबलावर दोन नाणी ठेवली, एक तुमचं, एक तुमचं म्हटलं, दोघांना एकदमच उडवायला लावलं. काटा म्हणजे बिघडलेली प्रत. पहिल्याच खेपेला काटा-काटा. पुन्हा उडवा म्हटलं. त्या बाईंनी नाणं हातात घेतलं आणि थांबल्या. म्हणाल्या, "म्हणजे नाण्याला आधीचं आठवत नाही?" नाही आठवत. बीजाला आणि शुक्राणूलाही नाही. दर वेळी चारात एक, आधी काहीही झालेलं असो.

आणि तो 'तीनात दोन'. थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलाचा धडधाकट भाऊ विचारतो, "मी वाहक असण्याची शक्यता किती?" बरेच जण निम्मी म्हणतात. पण तो आजारी नाही हे आपल्याला आधीच कळलेलं आहे, म्हणजे चारातली एक शक्यता खोडली. उरल्या तीन, त्यात वाहकाच्या दोन. मेंडेलच्या ५६५ रोपांतली ३७२ आठवा. तोच हिशोब, वाटाण्याऐवजी माणसांचा. तुमच्या बहीणभावंडांची गोष्ट वेगळी. तुमच्या आईवडिलांपैकी एकच जण वाहक असेल तर प्रत्येक भावंडाची शक्यता निम्मी. त्यांनाही तपासून घ्यायला सांगा. मुलीची तपासणी सावकाश केली तरी चालेल.

घराण्यात कुणाला नसतानाही आजार उगवतो, त्याच्या आणखी तीन वाटा आहेत.

पहिली म्हणजे बदल नव्यानं होणं. प्रत्येक बाळात साधारण साठ-सत्तर अक्षरं अशी असतात की जी आईतही नव्हती आणि वडिलांतही नव्हती, नक्कल करताना चुकलेली. बहुतेक चुका निरुपद्रवी जागी पडतात. एखादी नेमकी नको तिथं पडते. अकाँड्रोप्लेझिया या खुजेपणाच्या प्रकारात पाचांतल्या चार मुलांचे आईवडील सर्वसाधारण उंचीचे असतात. अशा वेळी 'कुणाकडून आलं' या प्रश्नाला उत्तरच नसतं, आणि घरात दोष देण्याचा खेळ सुरू झालेला असेल तर तो थांबवणं हे माझं निम्मं काम असतं.

दुसरी, गुण घराण्यात असतो पण इतका सौम्य की कुणी त्याला आजार म्हणत नाही. न्यूरोफायब्रोमॅटोसिस हा प्रभावी आजार. मुलाच्या अंगभर गाठी आणि वडिलांच्या पाठीवर फक्त सात-आठ फिकट तपकिरी डाग. वडील शपथेवर सांगतात मला काही नाही. सदरा काढायला लावला की कळतं.

तिसरी वाट एक्स गुणसूत्राची. बाईला दोन एक्स, पुरुषाला एक एक्स, एक वाय. मुलगा की मुलगी हे वडिलांच्या शुक्राणूवर ठरतं, आई फक्त एक्सच देऊ शकते. हे आजही मोठ्यानं सांगावं लागतं. एक्सवरच्या जनुकाची एक प्रत बिघडली तर बाईला दुसरीचा आधार असतो, पुरुषाला नसतो. म्हणून हिमोफिलिया किंवा लाल-हिरव्याचं रंगांधत्व बहुधा मुलग्यांत दिसतं आणि बायकांच्या वाटेनं न दिसता पुढे सरकतं. राणी व्हिक्टोरियाच्या वंशात हिमोफिलिया असाच पसरला, तिच्या लेकी-नातींकडून थेट रशियाच्या युवराज अलेक्सीपर्यंत. मामाला आणि भाच्याला तोच त्रास, मधली आई ठीक, हे दिसलं की आमचे कान टवकारतात. बापाकडून मुलाला मात्र ही प्रत कधीच जात नाही, कारण मुलाला तो वाय देतो.

यासाठीच आम्ही वंशावळ काढतो. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, आजारी असेल तर आतून भरलेलं, वाहक असेल तर अर्धं भरलेलं, नात्यातलं लग्न असेल तर मध्ये दुहेरी रेघ. तीन पिढ्या. लोक आजार सांगतात, पण मला हवे असतात ते भलतेच तपशील: कुणाचे गर्भपात झाले, कोण लहानपणीच गेलं, कुणाच्या ऑपरेशनात रक्त थांबेना. 'आजीचा एक भाऊ होता, दुसऱ्या वर्षी गेला, नेहमी फिकट असायचा म्हणे.' हे वाक्य बहुतेकदा दारापर्यंत गेल्यावर आठवतं, आणि सगळा उलगडा नेमका त्यातच असतो.

राहिला तिसरा प्रश्न, बाळ कुणावर जाणार. पहिलं आईवर तर दुसरं वडिलांवर, अशी काही पाळी लागलेली नसते. तुम्ही आपल्या २३ जोड्यांतून एकेक गुणसूत्र बाळाला देता. नुसत्या या निवडीचेच ८३ लाखांहून जास्त प्रकार होतात, आणि त्याआधी जोडीतली दोन गुणसूत्रं आपसांत तुकड्यांची अदलाबदल करतात ते वेगळंच. म्हणून सख्ख्या भावंडांत समान वारसा सरासरी निम्मा असला तरी प्रत्यक्षात तो कुठे चाळीस टक्के, कुठे साठ टक्के भरतो. जुळ्यांसारखी दिसणारी भावंडं आणि अजिबात न जुळणारी भावंडं, दोन्ही एकाच घरात निपजतात.

शिवाय चेहरा, रंग, उंची हे वाटाण्यासारखे एका जनुकाचे गुण नाहीत. उंचीवर परिणाम करणाऱ्या डीएनएतल्या बारा हजारांवर जागा २०२२ साली ५० लाखांहून अधिक लोकांच्या अभ्यासातून सापडल्या. एकेका जागेचा वाटा मिलिमीटरच्या हिशोबातला. म्हणून उंची गोल-सुरकुतलेली अशी दोन गटांत पडत नाही, ती पायरीपायरीनं बदलते. फार उंच आईबापांची मुलं सहसा उंच, पण त्यांच्याइतकी नाहीत, हेही त्यामुळेच. इतक्या जागांवर एकदम अनुकूल दान पुन्हा पडणं अवघड असतं.

शाळेत जीभ नळीसारखी गुंडाळता येते का हे बघून 'प्रभावी गुण' शिकवतात ना, ते विसरा. १९४० साली स्टर्टेव्हंट या जनुकशास्त्रज्ञानं तसं मांडलं होतं. १९५२ साली एकसारख्या जुळ्यांच्या ३३ जोड्या तपासल्या, तेव्हा सात जोड्यांत एकाला जमत होतं आणि दुसऱ्याला नाही. जनुकं तीच, जीभ वेगळी! स्टर्टेव्हंटनं पुढे स्वतःच आपलं म्हणणं सोडून दिलं. पाठ्यपुस्तकांनी नाही सोडलं.

प्रतींवर सगळं ठरतं असंही समजू नका. सयामी मांजराचं पिल्लू पांढरं जन्मतं आणि मग कान, नाक, पंजे, शेपूट काळी पडत जातात. त्याचं रंग बनवणारं विकर उष्णतेत काम करत नाही, म्हणून ऊबदार पोट फिकट राहतं आणि गार टोकं काळवंडतात. अंगभर जनुक एकच. माणसातलं उदाहरण फेनिलकीटोनुरिया. दोन्ही प्रती बिघडलेलं बाळ नेहमीच्या आहारावर वाढलं तर मेंदूला कायमची इजा होते, आणि फेनिलअॅलनीन हा प्रथिनांतला घटक मोजून-मापून दिलेल्या आहारावर ते इतर मुलांसारखं वाढतं. आजार पूर्णपणे जनुकीय, उपाय आहाराचा. उलट दिशेनं मात्र वाट नाही. आपण कमावलेलं किंवा गमावलेलं असं मजकुरात उतरत नाही. वाइझमन या जर्मन जीवशास्त्रज्ञानं पाच पिढ्या उंदरांच्या शेपट्या कापून पाहिल्या, ९०१ पिल्लं झाली, एकही बिनशेपटीचं नव्हतं.

तर आता तुमचं. नवऱ्याचा रिपोर्ट आला की मला तीन आकडे कळवा: एमसीव्ही, तांबड्या पेशींची संख्या आणि हिमोग्लोबिन ए-टू. सोबत एचपीएलसीच्या कागदावर एस, ई किंवा डी अशा अक्षराची, म्हणजे वेगळ्या प्रकारच्या हिमोग्लोबिनची, नोंद असेल तर तीही. ए-टू साडेतीनच्या आत, एमसीव्ही ऐंशीच्या वर आणि वेगळी नोंद नाही, असं असेल तर या बाबतीत पुढच्या तपासणीची गरज पडू नये. ए-टू नीट असूनही एमसीव्ही कमी असेल तर लोह तपासून घ्या, पण त्यासाठी महिनाभर थांबू नका, डीएनएचा नमुना त्याच दिवशी देऊन टाका. तुमचा जुना रिपोर्ट फेकला नसेल तर तोही जपून ठेवा. त्यात ए-टूचा आकडा आहे की नुसतं 'मायनर' असं लिहिलंय, ते बघायला हवं.